चंद्रावरची मोजणी

"वैजू, चंद्रावरून आत्ता एक मुंगी गेली," मामा म्हणाले.

मी दुधाचा पेला घेऊन नुकतीच गच्चीवर पोचले होते. मामा, म्हणजे माझे सासरे, स्टुलावर बसून दुर्बिणीला उजवा डोळा लावून होते. मान न वळवता त्यांनी हे सांगितलं, आणि तेही चेष्टेत नाही. जमिनीची मोजणी चालू असताना आकडा सांगावा तसं. मुंगी काचेवर चढली असेल, असं मला वाटलं. त्यांनी डोळा लावायची काच काढली, मऊ फडक्याने पुसली, बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली आणि परत बसवली. मी पेला कठड्यावर ठेवून डोळा लावला. चंद्र होता तसाच होता, भाकरीसारखा डागाडागांचा. मुंगी नव्हती.

"दोन सेकंदांत गेली," ते म्हणाले. "उजवीकडून डावीकडे. सरळ रेषेत."

सत्त्याण्णव सालातली ही गोष्ट. कार्तिकातली शुद्ध त्रयोदशी होती, वार बुधवार. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. संजीव बार्शीला सूतगिरणीत नोकरीला होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच, मी, मामा आणि आत्या. आत्या म्हणजे सासूबाई. त्यांना गच्चीचा जिना चढवत नसे आणि चंद्राचं कौतुकही नव्हतं. "तो काय, खालूनबी दिसतोय की," असं म्हणून त्या नऊ वाजता झोपायच्या.

मामांचं नाव मुरलीधर काळदाते. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं सर्व्हेअर होते. उजनी धरणाचं पाणी कुठवर चढणार, ती रेघ आमच्या भागात त्यांनी आखली होती. गावोगाव फिरून, थिओडोलाइट या मोजणीच्या यंत्राला डोळा लावून, दगड रोवून. ज्यांची घरं रेघेच्या खाली गेली त्यांनी त्यांना शिव्या घातल्या, पण रेघ चुकली असं मात्र कुणालाही म्हणता आलं नाही. पाणी आलं आणि बरोबर त्या दगडांपाशी येऊन थांबलं. तीस वर्षांत एक चुकीचं रीडिंग लिहिलं नाही, असं ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत; त्यांच्या हाताखालचे लोक घरी आले की सांगायचे.

निवृत्तीचे पैसे आल्यावर त्यांनी पुण्याहून ही दुर्बीण करवून आणली. सहा इंचांचा आरसा, पाण्याच्या पाइपासारखी जाड नळी, खाली सुताराने केलेला लाकडी घोडा. तारे ते पाहायचे, पण खरा जीव चंद्रावर. रोज रात्री चंद्राचा एक तुकडा घ्यायचा, त्यावरचे खड्डे नि डोंगर मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर उतरवायचे. याला ते चंद्राचा सातबारा म्हणायचे. सगळ्या जगाची जमीन मोजून झालीय, एवढीच राहिली होती, असं वर सांगायचे. मला ही सगळी गंमत फार आवडायची. माहेरी रात्री गच्चीवर जायची मुभाच नव्हती, आणि इथे सासरे स्वतः स्टूल सरकवून देत होते.

तरीही त्या रात्री 'मुंगी' हा शब्द ऐकल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती डोळ्याचीच. मी डोळे तपासायचं शिक्षण घेतलं होतं आणि तालुक्याच्या गावी डॉक्टर दोशींच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करत होते. साठीनंतर पुष्कळांना डोळ्यांपुढे ठिपके, माश्या, जाळी असलं काहीबाही दिसतं. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. क्वचित असतं. आणि मामांच्या बाबतीत क्वचितही परवडणारं नव्हतं, कारण त्यांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याने भिंत कुठे आहे आणि दार कुठे आहे एवढंच कळायचं. थिओडोलाइट, दुर्बीण, पेपर, सायकल, सगळं आयुष्य उजव्या डोळ्यावर चाललेलं.

मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात या, थेंब घालून आतला पडदा बघून घेऊ. त्यांनी थोडी कुरकुर केली. थेंब घातले की दिवसभर भुरकट दिसतं आणि शुक्रवारी नेमकी पौर्णिमा होती. पण अखेर हो म्हणाले. गुरुवारी दवाखान्यात पोचल्या पोचल्या मी शुक्रवारच्या रजिस्टरात त्यांचं नाव लिहिलं. सातवा नंबर.

गुरुवारी रात्री मी त्यांच्याबरोबरच वर गेले. थंडी पडू लागली होती, शेकोटीच्या धुराचा वास गच्चीपर्यंत येत होता. मामांना मफलर हवा होता म्हणून ते खाली गेले आणि जाताना मला म्हणाले, चंद्र निसटू देऊ नकोस. त्या घोड्यावर दुर्बीण आपली आपण फिरत नसे. चंद्र सरकत राहायचा आणि दर मिनिटाला नळीला बोटभर ढकलावं लागायचं. मी डोळा लावून बसले आणि बोटाने नळी ढकलत राहिले.

तेवढ्यात चंद्राच्या उजव्या कडेतून एक काळी आकृती आत आली. मुंगीएवढीच. पण मुंगीला पुढे ताणलेली मान नसते आणि दोन्ही बाजूंना वरखाली होणारे पंखही नसतात. ती चंद्र ओलांडून डावीकडच्या कडेला पोचते न पोचते तोच मागून दुसरी आली, तिच्या जरा खाली तिसरी. त्यांचे पंख एका तालात हलत नव्हते, प्रत्येकीचा निराळा. मी श्वास रोखून बसले होते. चंद्र रिकामा झाला तेव्हा नळी ढकलायची राहून गेल्यामुळे तोही अर्धा निसटला होता.

मामा वर आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की मुंग्या नाहीत, पक्षी आहेत, तीन गेले. त्यांनी मफलर हातातच ठेवला आणि मला प्रश्न विचारायला लागले. मान लांब होती की आखूड. पाय मागे दिसले का. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ लागला. मी आठवून आठवून उत्तरं दिली, आणि जे आठवलं नाही ते आठवत नाही म्हणून सांगितलं. त्यावर ते खूश झाले. मग म्हणाले, "दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. उजवीकडून डावीकडे, म्हणजे खरं डावीकडून उजवीकडे. आपलं तोंड पूर्वेला आहे. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला." आणि त्यांनी दक्षिणेकडे हात केला. तिकडे चार किलोमीटरवर धरणाच्या अडलेल्या पाण्याचा फुगवटा होता.

खाली येईपर्यंत बारा वाजून गेले. जिन्यात मामा थांबले आणि म्हणाले, "मग आता उद्या दवाखान्यात कशाला?"

मी म्हटलं, "खरंच. आता कशाला."

मनात शंका होती आणि मी ती दाबली, असं म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही. मला शंका आलीच नाही. मुंगी म्हणजे पक्षी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोड्याचं उत्तर मिळालं होतं आणि ते इतकं सुंदर होतं की त्याच कोड्याला दुसरंही उत्तर असू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शुक्रवारी सकाळी मी रजिस्टर उघडलं आणि सातव्या नंबरावर रेघ मारली. त्या जागी घारगावच्या एका बाईंना घेतलं, त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला होता.

त्यानंतरचे पाच दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पौर्णिमेला आत्यांबरोबर मी देवळात त्रिपुर लावून आले आणि पायातल्या चपला काढून तशीच वर धावले. मामांनी तयारी करून ठेवली होती. जुन्या मोजणीवहीची कोरी पानं, त्यावर रेघा मारून रकाने केलेले. वेळ, संख्या, दिशा, ओलांडायला लागलेले सेकंद, कोणी पाहिलं. अर्धा तास त्यांनी पाहायचं, मी लिहायचं. मग अर्धा तास मी पाहायचं, त्यांनी लिहायचं. डोळा लावलेल्याने बोलायचं ते फक्त आकडे. दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या पाळीत एक माळ आली. चार गेले आणि पाचवा दिसताच मी बाजूला होऊन मामांना पुढे ढकललं. त्यांनी डोळा लावला आणि हळूच म्हणाले, "सहा. सात." आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. चंद्राएवढ्या खिडकीतून सात दिसले, तर बाहेरच्या आभाळातून किती जात असतील याचा हिशेब ते रात्रभर करत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक हिशेब मांडला आणि मला समजावून सांगितला. चंद्राची रुंदी अर्धा अंश. पक्षी दिसला तो चंद्राच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. आता तो बदकाहून मोठा, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत अडीच फुटांचा धरला, तर तो आपल्यापासून अडीच किलोमीटरवर हवा. हे उत्तर कागदावर आलं तेव्हा ते बराच वेळ पेन्सिल कानाला लावून बसले. अडीच किलोमीटरवरून, रात्री, अंधारात, एकमेकांना न धडकता जातात, आणि रस्ता त्यांना दाखवतं कोण? आत्यांनी स्वयंपाकघरातून सांगितलं, त्यांचे सासरे दाखवत असतील.

रविवारी पहाटे मामा सायकलवरून फुगवट्याकडे गेले. मीही मागे बसून गेले. काठावर भोई लोकांची वस्ती होती. तिथल्या रखमाबाई नगरे जाळं सोडवत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की चार रात्री झोप नाही, वरून आवाज करत येतात आणि पहाटे पाण्यात उतरतात. त्यांनी हात केला तिकडे पाहिलं तर उथळ पाण्यात राखाडी पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता. पांढरी मान, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. वाचनालयातल्या पुस्तकात आम्हाला नाव सापडलं. पट्टकादंब. हिमालयापलीकडून येणारे हंस.

"आवाज कसा येतो?" मामांनी रखमाबाईंना विचारलं.

"तुमाला न्हाई ऐकू आला?" त्या म्हणाल्या. "इतके दिस नुसतं बघतच बसला व्हय?"

त्या रात्रीपासून आम्ही कानही देऊ लागलो, आणि खरंच, पुष्कळ उंचावरून दबका आवाज यायचा. दुरून कुणी दार करकरवावं तसा. आवाज आला की मामा बोट वर करायचे, मी नळी धरायची.

या पाच दिवसांत तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर झाल्या. आज त्या ओळीने मांडता येतात. तेव्हा एकेकटी आली आणि गेली.

एक म्हणजे मामांना माझ्याहून दुपटीने पक्षी दिसायचे. अर्ध्या तासात मला तीन, तर त्यांना सात. मी त्याचा अर्थ असा लावला की त्यांची नजर तीस वर्षांची तयार आहे, माझी कोवळी.

दुसरं, वहीच्या दिशेच्या रकान्यात त्यांच्या पाळीत काही नोंदी निराळ्या होत्या. 'वरून खाली, सावकाश.' मी शनिवारी विचारलं होतं, हे कुठले. ते म्हणाले, दुसऱ्या जातीचे असतील, पाण्याकडे उतरत असतील. मला ते पटलं, इतकंच नव्हे, आवडलं. थवा उतरताना आपण पाहतो आहोत, असं वाटलं.

तिसरं, सोमवारी सकाळी चहा पिताना ते म्हणाले की काल तीन-चार उल्का दिसल्या, अगदी कडेला, झपकन. कार्तिकात उल्का पडतात हे मलाही ठाऊक होतं. रविवारी रात्री मीही त्याच गच्चीवर, त्याच आभाळाखाली त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला एकही दिसली नव्हती. मी त्यांना म्हटलं, मला हाक का नाही मारलीत. ते म्हणाले, हाक मारेपर्यंत संपतात.

बुधवारी कृष्ण पंचमी होती. चंद्र उशिरा उगवला, कडेने जरा झिजलेला. पहिली पाळी मामांची होती. मी वही मांडीवर घेऊन बसले. बराच वेळ एकही आकडा आला नाही. मग म्हणाले, "खालच्या बाजूला ढग आलाय."

मी वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं. तसं मी म्हटलं. ते म्हणाले, "आहे की, काळा ढग, खालून वर चढतोय. निम्मा चंद्र झाकलाय."

मी वही खाली ठेवली. त्यांना दुर्बिणीपासून बाजूला यायला सांगितलं आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. दवाखान्यात दिवसातून दहा वेळा करते तेच केलं. त्यांचा डावा डोळा माझ्या तळहाताने झाकला, त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दुसऱ्या हाताची बोटं बाजूने आत आणत विचारत गेले, दिसली की सांगा. वरून आणली, दिसली. दोन्ही बाजूंनी आणली, दिसली. खालून आणली. माझी बोटं त्यांच्या छातीपासून हनुवटीपर्यंत आली, ओठांपर्यंत आली, तरी ते काही बोलले नाहीत. नाकापाशी आली तेव्हा म्हणाले, "आता दिसली."

मी त्यांना म्हटलं, मामा, आपण खाली जाऊ. त्यांनी कारण विचारलं नाही. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोवर कधी ठेवला नव्हता.

गुरुवारी सकाळी डॉक्टर दोशींनी थेंब घालून पाहिलं आणि लगेच पुण्याला फोन लावला. वरच्या बाजूला पडद्याला भोक पडलं होतं, तिथून पाणी मागे शिरून पडदा सुटत आला होता. दुपारच्या एसटीने आम्ही पुण्याला निघालो. संजीव बार्शीहून परस्पर तिकडे आला. पोचेपर्यंत रात्र झाली होती आणि मामांना माझा चेहरा दिसेनासा झाला होता.

पुण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. शुक्रवारी सकाळी तपासताना त्यांनी विचारलं, ठिपके, माश्या असलं काही दिसत होतं का, आणि कडेला वीज चमकल्यासारखं. मामा म्हणाले, "हो. आठ-दहा दिवस झाले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"तेव्हाच यायचं," डॉक्टर म्हणाले. "पडद्याला नुसतं भोक असतं तेव्हा लेझरने भागतं. बसून करायचं काम, पंधरा मिनिटांचं." ते रागाने म्हणाले नव्हते. कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसला, पण मधला भाग आधीच सुटलेला असल्यामुळे बारीक दिसणं परत येण्याची आशा थोडीच आहे, असं त्यांनी संजीवला बाजूला घेऊन सांगितलं. डोळ्यात वायू भरला होता. तो वर चढून पडद्याला दाबून ठेवतो, म्हणून मामांना दहा दिवस पालथं झोपायचं होतं. तोंड कायम जमिनीकडे. जेवतानाही मान खाली.

त्यांना कॉटच्या टोकाशी, कपाळाला उशी लावून, चेहरा बाहेर काढून झोपवलं होतं. त्यांच्याशी बोलायचं तर खालीच बसावं लागायचं. पहिल्या दिवशी मी पाठीशी खुर्चीवर बसून बोलत होते आणि ते जमिनीला उत्तरं देत होते. मला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी, संजीव औषधं आणायला गेला असताना, मी फरशीवर चटई टाकली आणि कॉटखाली पाठीवर झोपले. आता त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबर वर, हातभर अंतरावर होता. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डावा उघडा होता.

ते हसले. म्हणाले, "आता तू मला बघतेस होय, खालून."

मग त्यांनी विचारलं, वही आणली आहेस का. मी आणली होती. का आणली होती, सांगता येणार नाही. त्यांनी एकूण किती म्हणून विचारलं. सत्तावन्न, मी सांगितलं. माझ्या पाळीतले एकोणीस, त्यांच्या पाळीतले अडतीस. त्यांनी सांगितलं, माझ्यातले 'वरून खाली' किती ते मोज. मी मोजले. चौदा.

"ते काढ," ते म्हणाले. "ते पक्षी नव्हते."

मी म्हटलं, बाकीचे चोवीस राहतात. ते उत्तर-दक्षिण आहेत, सरळ आहेत, सेकंदही जुळतात.

त्यांनी ओठांतल्या ओठांत 'चोवीस' म्हटलं. मग म्हणाले, "बाकीचे तरी होते ना, वैजू?"

"होते," मी म्हटलं. "मी पाहिलेत. आपण दोघांनी एकाच माळेतले पाहिलेत."

त्यांचा चेहरा सैल झाला. डोळा जाणार हे त्यांना एव्हाना कळलं होतं. संजीवने सांगितलं नसलं तरी माणसाला कळतं. पण त्या क्षणी त्यांना त्या चोवीस पक्ष्यांची चिंता होती, आणि ती मिटल्यावर ते खरोखर निवांत झालेले मी पाहिले. मला मात्र आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"मामा, शुक्रवारी तुमचं नाव रजिस्टरात होतं. मी ते खोडलं."

"आता कशाला, असं मीच म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात. पण हे काम माझं होतं. मी एवढंच विचारायला हवं होतं, दुर्बिणीतून डोळा काढल्यावरही दिसतं का. भिंतीकडे बघितल्यावर दिसतं का. एवढंच. रोज पन्नास जणांना विचारते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या डाव्या डोळ्याला हातभर अंतरावरून माझ्या चेहऱ्यातलं किती दिसत होतं, देव जाणे.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणून सांगितलं असतं," ते म्हणाले. "मला भिंतीवरही दिसत होतं. कडेची चमक उल्का नाही, हेही कळत होतं. थेंब घातले असतेस, काहीतरी निघालं असतं, मग दुर्बीण बंद. पक्षी नुकते यायला लागले होते. मी खोटंच बोललो असतो, वैजू. तेव्हा तुझा त्यात काही संबंध नाही."

तेवढ्यात संजीव आला आणि मला कॉटखाली पाहून घाबरला. विषय तिथेच राहिला.

मामांना उजव्या डोळ्याने पुढे उजेड-अंधार आणि हाताची हालचाल एवढंच दिसत असे. डाव्या आळशी डोळ्यावर त्यांनी पुढची अकरा वर्षं काढली. पेपर मी वाचून दाखवायची. ते चिडखोर झाले नाहीत, देवभोळेही झाले नाहीत. कार्तिक आला की गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि आवाज आला की बोट वर करायचे.

मी अजून त्याच कामात आहे. इतक्या वर्षांत मला कळलंय की माणसं डोळ्यांबद्दल खोटं बोलतात, आणि कशासाठी बोलतात. ट्रकचा ड्रायव्हर बोलतो, शिंपी बोलतो, लग्न ठरलेली मुलगी बोलते. जे सोडवत नाही ते हातात ठेवण्यासाठी बोलतात. तेव्हा मामाही बोलले असते, हे शक्य आहे. आणि तीस वर्षांत एक चुकीचं रीडिंग न लिहिणाऱ्या त्या माणसाने, पालथं झोपून, खाली पडलेल्या सुनेचा चेहरा बघत, तिच्यासाठी म्हणून 'भिंतीवरही दिसत होतं' हे आयुष्यातलं एकच चुकीचं रीडिंग दिलं असेल, हेही शक्य आहे.

त्या अकरा वर्षांत आम्ही दोघं रोज संध्याकाळी शेजारी बसून चहा प्यायलो. मी त्यांना विचारू शकले असते. मी विचारलं नाही.